दोन्ही हातांवरची लाली

आईला जाऊन चार महिने झाले. लिहायला बसले की आधी तिचे तळहात आठवतात.

साठीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा मॅट्रिकला होते. सुट्टीत आईबरोबर नंदुरबारला पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, गेले आणि टाचेत गंजका खिळा घुसला. आईने मला तसंच दवाखान्यात नेलं. धनुर्वात होऊ नये म्हणून तेव्हा घोड्याच्या रक्तातून काढलेलं औषध टोचत. आधी हाताच्या कातडीत एक थेंब टोचायचा आणि वाट बघायची. तिथे गांध, म्हणजे फुगीर चट्टा, उठली, तर पूर्ण इंजेक्शनने जीवही जाऊ शके.

त्याच्या दोन वर्षं आधी मला तेच औषध दिलं होतं. हे सांगायचं दोघींनाही सुचलं नाही.

कंपाउंडर माझ्या हातात थेंब टोचून गेला आणि जरा वेळाने सिरिंज भरून आला. टोचल्या जागी माझा हात लाल होऊन फुगला होता.

"मिरचीची लाली आहे. इथे येणाऱ्या प्रत्येकाचा हात असाच असतो," तो म्हणाला.

"मिरची नई शे हाई," आई म्हणाली. "मिरची जळस, फुगत नई."

"मावशी, तू कधीपासून डॉक्टर झालीस?"

सुई दंडाजवळ आली. आईने माझा दुसरा हात ओढला आणि पथारीवरून न धुता आणलेला तळहात त्यावर खसाखसा चोळला. मी ओरडले.

"थांब भाऊ. आते देख."

आम्ही तिघं दोन हातांकडे बघत राहिलो. चोळलेला हात लाल झाला, पण सपाटच राहिला. टोचलेल्या हातावरची गांध रुपयाएवढी झाली, तिला वेडेवाकडे फाटे फुटले. कंपाउंडर सिरिंज ठेवून डॉक्टरांना बोलवायला गेला.

पुढे पुस्तकात वाचलं, की शरीरातल्या काही पेशी परकं प्रथिन गिळतात, त्याचे बारीक तुकडे करतात आणि ते अंगावर मिरवत इतर पेशींना दाखवतात. ओळख एकदा पटली की वर्षानुवर्षं राहते. माझ्या अंगाने घोडा ओळखला होता.

औषध तरीही हवंच होतं. डॉक्टर थेंबाथेंबाने, थांबत थांबत, संध्याकाळपर्यंत टोचत राहिले. प्रत्येक थेंबानंतर आई माझे ओठ सुजतात का ते बघे. शेवटचा थेंब गेल्यावर ती उठली आणि नळावर जाऊन तिने पहिल्यांदा हात धुतले.

चोळलेला हात रात्रभर जळत होता. तिला ते मी कधी सांगितलं नाही.