छतातली एक वायर

आबांची गाडी नानांनी जाळली नव्हती. मी जाळली.

आज सकाळी धुळ्याला वसंतनाना वारले. ऑटो इलेक्ट्रिशियन होते. त्यांच्या मुलाचा फोन आला आणि इतकी वर्षं गिळून बसलेली गोष्ट आता लिहायलाच हवी असं झालं. माझ्या घरचेही हे पहिल्यांदाच वाचतील. वाचू देत.

आबा म्हणजे माझे वडील. रावेरकडे आमचा केळीचा मळा, मळ्यातच घर. मळ्यातल्या शेडमध्ये त्यांची विलायती गाडी पडून होती, माझ्या जन्माआधीची. आई गेल्यावर आबांनी गाडीला हात लावला नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला माझं लग्न ठरलं आणि आबांनी हट्ट धरला, पोरीची पाठवणी याच गाडीतून.

इंजिन सावद्याच्या मिस्त्रीने चालू केलं. वायरिंगसाठी मात्र धुळ्याहून नानांना बोलावलं. जुन्या पद्धतीची कापड गुंडाळलेली वायर होती ती. नानांनी एक टोक वाकवलं तर आतल्या रबराचा काळा भुगा तळहातावर पडला.

"बठ्ठी मरी गई शे," ते म्हणाले. "बठ्ठी काढनी पडी." म्हणजे सगळीच वायर बदलायची.

आठ दिवस ते शेडमध्येच मुक्कामाला होते. प्रत्येक टोकाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधायचे, मगच कापायचे.

काढलेली वायर फेकायचे नाहीत. पिशवीत भरून मालकाच्या हातात द्यायचे. "पाही ल्या आबा, जितली काढी तितली नवी टाकी."

त्या पिशवीत एकच वायर आली नाही.

गाडीच्या छताला आतून आईने शिवलेलं कापड होतं. बदामी रंगाचं, कडेने तिच्या हातचा साखळी टाका. मधोमध छोटा दिवा, आणि त्याची वायर कापडाच्या आतून गेलेली. ती काढायची तर कापड उसवावं लागणार.

मी म्हटलं, "नाना, आईचं कापड फाडू नका ना."

नाना थांबले. म्हणाले, "नही फाडस, माय. पन मंग हाऊ दिवा बंद राही. हाई वायरले करंट देवाना नही."

डॅशबोर्डखाली त्या वायरचं टोक त्यांनी मोकळं ठेवलं, वर टेप गुंडाळली. मला दोनदा बजावलं, "हात लावजो नको."

आमच्याकडे हळद लागली की नवरीने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझा संशय कुणाला येणंच शक्य नव्हतं.

हळदीच्या दुपारी पंगत बसली आणि मी मागच्या दाराने शेडमध्ये गेले.

मला तो दिवा एकदा लागलेला बघायचा होता. लहानपणी प्रवासात आई त्या उजेडात मला केळं सोलून द्यायची. बस्स, एवढंच.

टेप काढली. कॉलेजात सायन्स घेतलं होतं ना, मोठी अक्कल! शेजारच्या लाल वायरच्या जोडात ही वायर पिळून बसवली. वर जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावली. लाल वायर थेट बॅटरीतून येते, मध्ये फ्यूज नाही, हे मला कुठे ठाऊक!

दिवा लागला. मी त्याच्याखाली बसून पोटभर रडले. मग दिव्यावरचंच बटण बंद केलं आणि घरात येऊन बसले.

बटण बंद केलं की दिवा विझतो. तिथवरच्या वायरमध्ये करंट असतोच.

छतात कुठेतरी ती वायर पत्र्याला टेकली असणार. तासाभरात शेडमधून धूर यायला लागला.

आबा आईच्या कापडासाठी आत घुसले. ओढून काढायला गेले आणि दोन्ही पंजे भाजले. उजव्या हाताची बोटं त्यांना पुढे कधीच मिटता आली नाहीत.

माझं कन्यादान काकांनी केलं. आबा बँडेज बांधून हॉस्पिटलात होते.

त्या दुपारी आग विझल्यावर, पंगतीतून धावत आलेले नाना डॅशबोर्डखाली वाकले. बाहेर आले तेव्हा हातात अर्धवट जळलेली चिकटपट्टी होती. तिच्यावर हळदीच्या अंगठ्याचा ठसा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घराच्या मागच्या दारात उभी होते, कोपरापर्यंत पिवळी.

हॉस्पिटलात नेईपर्यंत आबा ओरडत होते, "मह्या पोरीच्या लग्नात आग लावली! तुह्या भरोश्यावर होतो मी!"

नानांनी पट्टी खिशात घातली. "मन्हाच हातनी चूक शे, आबा. एक वायर ऱ्हाई गई."

मी तोंड उघडलं नाही.

जळगावपासून धुळ्यापर्यंत बोभाटा झाला. लोक नानांच्या दुकानाकडे फिरकेनात. दोन वर्षांत दुकान बंद पडलं. नंतर ते दुसऱ्याच्या दुकानात बॅटऱ्यांत पाणी भरायचे.

तिथे मी त्यांना एकदा गाठलं. म्हटलं, नाना, का केलंत असं?

"नवरीना हातनी आग लागनी अशी बोंब व्हती तं तुन्हं लगन मोडी जातं, माय."

"आबांना सांगते मी आता."

"आते सांगीसन काय? त्यास्ना हात तं बरा व्हनार नही."

मला तेच ऐकायचं होतं. मी सुटल्यासारखी घरी आले. त्याची लाज मला आगीपेक्षा जास्त वाटते.

आबा गेले ते नानांना शिव्या घालतच.

आणि आज नानांचा मुलगा फोनवर रडत म्हणाला, "ताई, आमच्या नानांच्या हातून तुमच्याकडे जे झालं, ते आता पोटात घाला. त्यांना माफ करा."

आणि मी काय म्हटलं माहीत आहे?

"हो" म्हटलं.

भाऊ, ते "हो" मी परत घेते. माफी तू मागायची नव्हतीस. मी धुळ्याला निघाले आहे, स्मशानात चार लोकांसमोर पुन्हा बोलेन. ज्यांनी नानांचं काम बंद केलं त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर पुढे पाठवा.

नाना, तुम्ही टाकलेल्या वायरचा दोष नव्हता. तो जोड माझा होता.

शेवटचा नमस्कार.