तेल्हाऱ्याच्या वरातीत माझी डीजे बहीण

मामेभावाच्या लग्नाला तेल्हाऱ्याला जायचं हे ठरलेलंच होतं. नवीन एवढंच, की वरातीत वाजवायला माझी धाकटी बहीण श्रद्धा होती. ती पुण्यात एका क्लबमध्ये डीजे आहे. मोठ्या मामांनी स्वतः फोन करून तिला बोलावलं, आणि आदल्या दिवशी ती अमरावतीला माझ्याकडे उतरली.

सकाळी गाडी काढली. वलगाव, दर्यापूर, अकोट आणि मग तेल्हारा. लवकर निघालात तर जेवणाआधी आरामात पोहोचाल. काळ्या मातीवरचा रस्ता, त्यामुळे गाडी लाटेवर चालल्यासारखी डुलते. दर्यापूरला गिलावडा, म्हणजे दही-चटणीत भिजलेला वडा, खाल्ला. शंभराच्या आत दोघींचं पोट भरलं.

वाटेत श्रद्धाने तिच्या कानांचं सांगितलं. एकदा क्लबमधून घरी आली तर कानातली शिट्टी थांबेचना. कित्येक दिवस ती वाजत राहिली. डॉक्टर म्हणाले, या वेळी निभावलं, दरवेळी निभावेल असं नाही. कान एकदा गेला की परत येत नाही. तेव्हापासून इअरप्लग घातल्याशिवाय ती क्लबमध्ये शिरत नाही आणि मधूनमधून बाहेर शांततेत जाऊन बसते.

तेल्हाऱ्यात वांग्याची भाजी आणि पोळ्या हाणल्या. तोवर भाड्याची डीजेची गाडी आली. स्पीकरची भिंतच होती ती. चालकाने आवाज तपासला तशी छातीत धडधडायला लागलं. हाताच्या अंतरावर उभ्या श्रद्धाशी मला ओरडून बोलावं लागलं. तिने सांगितलं, असं ओरडावं लागलं की समजायचं, हा आवाज कानाला जड आहे.

तिने तो बराच खाली आणायला लावला. मामांना ते खपेना.

"पुण्याची डीजे आणली अन् आवाजच नाही, असं म्हणतीन लोक," मामा म्हणाले.

मांडवातली माणसं बघायला लागली. मामांपुढे आमच्या घरात कुणी बोलत नाही.

"मामा, मले म्हातारपणीबी गाणं आयकाचं हाये," श्रद्धा हळूच म्हणाली. "आवाज पयल्यासारखाच ठेवाचा असन, त मी वाजवत नाही. मांडवात बसतो अन् जेवून जातो."

मामा आत गेले. थोड्या वेळाने बाहेर आले आणि चालकाला म्हणाले, "ते म्हणते तसं कर."

उन्हं उतरताना वरात निघाली. श्रद्धाने लहान मुलांना गाडीपासून लांब, घोड्याच्या पुढे नेलं. आणलेले फोमचे इअरप्लग पुढे नाचणाऱ्यांना वाटले आणि घालूनही दाखवले: बोटांत वळून बारीक करायचे, कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. औषधांच्या दुकानात मिळतात, किंमत किरकोळ. तुम्हीही लग्नाला जाताना खिशात टाका.

मग तिने जे वाजवलं! एरवी वरातीत कानावर पदर घेऊन ओट्यावर बसणाऱ्या मामी या वेळी रस्त्यावर उतरल्या. गाण्याचे शब्द ऐकू येत होते, त्यामुळे बाया सोबत गात होत्या. शेवटी मामाही नाचले, कानात पिवळे इअरप्लग घालून.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला परतलो आणि श्रद्धा पुण्याच्या गाडीत बसली. संध्याकाळी मामांचा फोन आला. शेजाऱ्यांकडे लग्न आहे म्हणाले.

"तिले इचार, कधी मोकळी हाये. अन् त्याईले मी सांगतलं, आवाज आमची पोरगी म्हणन तेवढाच राहीन."