पाठ केलेलं घर

ज्या क्लासला हौसेनं कुणी येत नाही, तिथं किस्से फार साचतात. हसण्यासारखे असतात, पण हसून झालं की चहा कडू लागतो. मी मूळचा नांदेडचा. काही वर्षं लिथुएनियात ट्रक चालवला, कंबर गेली म्हणून परत आलो. आता लातूरला टायरच्या दुकानावर एक खोली घेऊन लिथुएनियन शिकवतो. विद्यार्थी सगळे ड्रायव्हर. तिकडची बेसिक परीक्षा पास झालात तर नोकरी, नाहीतर बसा घरी!

*

खोलीचे मालक मन्मथअप्पा. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काय शिकवणार?"

"लिथुएनियन."

"हे कुठं आलं?"

"पोलंडच्या वर."

अप्पांनी खिडकीतून खाली पाहिलं. रस्ताभर नीटच्या क्लासची पोरं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "लातुरात येऊन नीट सोडून हे? घरचं कुणी बोलत न्हाई का तुम्हाला?"

*

भर मे महिन्यात हवामानाचा धडा आला. पंखा बंद, लाइट गेलेली. बिलोलीचा गंगाधर घाम पुसत म्हणाला, "सर, बर्फ पडतोय म्हणायला लाज वाटायली!"

सगळे हसले. रेणापूरचा ज्ञानोबा तेवढा हसला नाही. तो तिकडं दोन हिवाळे ट्रकच्या केबिनमध्ये झोपला होता. आई आजारी म्हणून रजेवर आला आणि नव्या नियमात अडकला. परीक्षा पास झाल्याशिवाय कंपनी परत घेणार नव्हती, आणि आईचं दवाखान्याचं सगळं त्याच पगारावर चाललेलं.

*

आता लातूर म्हटल्यावर पाठांतर आलंच. तोंडी परीक्षेत घरचं विचारतात, म्हणून मी एक नमुना कुटुंब लिहून दिलं: वडील शिक्षक, आई घरी स्वयंपाक करते, एक बहीण, एक कुत्रा. सराव घ्यायला तिकडच्या माझ्या ओळखीच्या एक म्हाताऱ्या बाई व्हिडिओवर आल्या. त्यांनी आठ जणांचं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "हे सगळे सख्खे भाऊ का?"

त्या दिवशी ज्ञानोबा मागं थांबला. त्याचे वडील तो शाळेत असतानाच गेले होते.

"सर, वडील जिवंत ठेवू का?"

"मार्कांसाठी ठेव."

"ठेवतो. म्हणताना बरं वाटतंय जरा."



*

दवाखान्यात आईच्या कॉटजवळ बसून तो पाठ करायचा. मी एकदा भेटायला गेलो, तेव्हा म्हातारी मलाच विचारू लागली, "मास्तर, ह्यो दिवसभर काय पुटपुटतोय?"

"आपल्या घरचं सांगायलो गं," ज्ञानोबा म्हणाला आणि त्यानं मराठीत सगळं सांगितलं.

"आपल्याकडं कुत्रं कधी होतं रे?"

"परीक्षेपुरतं हाय."

"अन् मी काय करायले त्यात?"

"स्वयंपाक."

"हिथं उठून बसता येईना, अन् स्वयंपाक!" म्हातारी खोकेपर्यंत हसली. मग म्हणाली, "असू दे. तसंच सांग."

*

परीक्षा बारा दिवसांवर असताना म्हातारी गेली. मी ज्ञानोबाला म्हटलं, पुढची तारीख घेऊ. तो म्हणाला, "कंपनी थांबायची न्हाई, सर." दहावा उरकून, डोक्याला रुमाल बांधून तो परीक्षेला बसला. तोंडी परीक्षा कॉम्प्युटरवर, समोर तिकडच्या एक परीक्षक बाई.

निकाल लागला. पास! पेढे न आणता तो क्लासवर आला आणि बाकावर बसला.

"काय विचारलं?"

"घरचंच. पाठ केलं तसंच सांगितलं. आई घरी हाय, स्वयंपाक करते."

"मग?"

"मग बाईनं विचारलं, आज काय केलंय आईनं? हे काय आपल्या पाठात नव्हतं, सर. बटाटा एवढाच शब्द आठवला. म्हणलो, बटाट्याची भाजी."

"बरं केलंस."

"बाई लई खूश झाल्या. उठताना म्हणल्या, आईला माझा नमस्कार सांगा."

"आणि तू?"

"सांगतो म्हणलो."