नववीची यादी आणि कोकरेबाई

कोकरेबाई आमच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आल्या, तेव्हा फाटकावर ‘दहावीचा निकाल शंभर टक्के’ असा मोठा फलक होता. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, “सर, नववीत मुलं जास्त, दहावीत कमी. मधली जातात कुठं?” मी नववीचा वर्गशिक्षक, गणिताचा. हसून विषय टाळला.

उत्तर मला पाठ होतं. परीक्षा झाली की नववीतल्या कच्च्या मुलांची यादी करायची, पालकांना बोलावून चहा पाजायचा आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात द्यायचा. “सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावी होईल.” यादी मीच करायचो आणि, लाज वाटते सांगायला, मला तिचा अभिमान होता. पहिल्या वर्षी माझ्या भरवशावर बाईंनीही सही केली.

त्या यादीत कोमल होती. यवतजवळच्या वस्तीवरच्या बिरूआप्पांची मुलगी. मेंढरं विकून शेतीला लागलेलं घर. जूनमध्ये शाळा भरली, बाईंना काही चैन पडेना. मला मागं बसवून स्कूटीवरून त्या तिला परत आणायला गेल्या. दारात मांडव अजून उभा होता.

बिरूआप्पा रागावलेसुद्धा नाहीत. “बाई, पाव्हणं दोन वर्सं मागं लागलं व्हतं. पोरगी साळंत हाय, धाव्वी होऊंद्या, म्हणून थोपवलं मी. दाखला तुम्हीच दिला. मग काय सांगू त्यान्ला?”

बाईंनी पोलिसांत बालविवाहाची तक्रार दिली. गावानं त्यांच्याशी अबोला धरला. कोमल शाळेत आली नाही ती नाहीच.

पुढच्या वर्षी मी यादी नेली, तर बाई म्हणाल्या, “फाडा.” मी भांडलो, “अहो, निकालाची माती होईल!”

“होऊ द्या. पोरींची झाली तेवढी बस झाली.”

आणि झालीच माती. फलक उतरला. बागायतदारांची मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी माध्यमाला गेली. उरली वस्तीवरची, वीटभट्टीवरची आणि कारखान्यांत आलेल्या बिहारी कामगारांची. पालकसभेत एक पालक तोंडावर म्हणाले, “बाईंनी साळा बुडवली.” बाई सभेतून घरी गेल्या, तर ओसरीवर नापास मुलं पुरवणी परीक्षेच्या अभ्यासाला येऊन बसली होती. पुढं तुकडी बंद पडून मी अतिरिक्त ठरलो, तेव्हा शिरूर तालुक्यातल्या नव्या शाळेत मला सोडायला त्या स्वतः आल्या. निघताना म्हणाल्या, “इथंही यादी मागतील. मला फोन करा.”

आज बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवलेखात लिहिणाऱ्यानं आपलं रडगाणं गाऊ नये म्हणतात, पण मला राहवत नाही. या वर्षी माझ्याकडं यादी मागितली. मी फोन केला नाही. चार नावं लिहिली, त्यांत दोन मुली आहेत. बाईंना हे आत्ता, इथंच वाचताना कळतंय.

बाई, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आमच्यासारख्यांना झापायला कुणीतरी हवंच. त्या दोघी पाबळच्या वाटेवर राहतात. दारात अजून मांडव उभा राहिलेला नाही, एवढं विचारून ठेवलंय. एकट्यानं जायचं धाडस होत नाही. सोहळा आटोपला की स्कूटी काढाल का? मी मागं बसतो.