कुणाचंच नसलेलं गाणं

"कमी करू का, अक्का?"

सकाळी शटर वर गेलं की त्याचं पहिलं वाक्य हे. अजून वायर जोडलेली नसायची, बॉक्सवरचं फडकं निघालेलं नसायचं, आणि हा बाबा पत्र्याच्या पलीकडून मला विचारायचा, कमी करू का. अरे, आधी वाजव तरी! मी ओरडायची, "लाव रे बाबा, माझ्या मशीनला तेवढीच सोबत." मग तो दारात यायचा, रस्त्याच्या एका टोकाला बघायचा, दुसऱ्या टोकाला बघायचा, आणि मगच बटणाला बोट लावायचा.

वडवणीत चौकाच्या तोंडाशी पत्र्याच्या गाळ्यांची ओळ आहे. त्यातल्या एकात मी ब्लाऊज शिवते. शेजारचा गाळा त्याचा, डीजेवाल्याचा. बॉक्स टेम्पोत मावायचे नाहीत आणि माणूस असा की फुंकर मारली तर उडेल. त्याने बेस सोडला की माझ्या टेबलावरचा खडू चालत चालत काठाशी जायचा. एवढा आवाज भाड्याने देणारा माणूस आवाजालाच भ्यायचा. हसू नका, आधी मीही हसले होते.

तुम्ही आमच्या भागातले असाल तर वेगळं सांगायला नको. हल्ली प्रत्येक गाण्याला मालक आहे. हे वरच्या गल्लीचं, ते खालच्या गल्लीचं. देवाचं लावावं तर कोणत्या देवाचं, आणि नेत्याचं लावलं तर विषयच संपला. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीला निघाला की चौकातून जाणार, आणि चौकात दोन्ही गल्ल्यांची घरं. यांच्या दारात त्यांचं गाणं वाजलं की बाह्या वर. शिरूरकडच्या एका वाडीत त्याच्या ओळखीच्या डीजेवाल्याला असंच टेम्पोतून ओढलं होतं. त्याचा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. "त्यानं फकस्त गाणं बदललं होतं, अक्का," असं सांगताना हा स्वतःचाच हात चोळायचा.

तर अशात ते गाणं आलं. बीडहून कुणाचं तरी जुनं सामान आणलं, त्यातल्या पेन ड्राइव्हमध्ये होतं. जुनं, परदेशातलं. एक बाई काळजापासून आरोळी देते, मधेच एक बाप्या मोंढ्यातल्या हर्रासीत लिलाव पुकारावा तसा भराभरा बोलतो, आणि खाली सगळा वेळ धडधड धडधड. माझा पाय मशीनवर आपोआप त्या ठेक्यात पडायला लागला. एका दिवसात किती बाह्या जोडल्या, मलाच कळलं नाही.

पण याला झोप येईना. यात कुणाचं नाव असलं तर? एके दिवशी कॉलेजचे सर बायकोचा ब्लाऊज न्यायला आले, तर याने त्यांना धरूनच ठेवलं. "सर, नीट ऐका. यात कुणाचा झेंडा, कुणाचा नेता, कुणाला शिवी, काय हाय का?"

सर ब्लाऊजची पिशवी छातीशी धरून पूर्ण गाणं ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "अहो, याला युरोडान्स म्हणतात. बाई म्हणते, हात वर करा, आज मी एकटी नाही."

"आन् पुढं?"

"पुढे तेच. पुन्हा पुन्हा तेच."

"म्हंजी हे कुणाचंच न्हाई!" असा आनंद मी त्याच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. सरांना बळंच चहा पाजला.

त्या उन्हाळ्यात लोक ऊस तोडून कारखान्याहून परतले आणि लग्नांचा धडाका सुरू झाला. परण्या चौकाच्या तोंडाशी आला की हा चालू गाणं थांबवायचा आणि युरो लावायचा. गाण्याला आम्ही सगळे युरोच म्हणायला लागलो. पहिल्यांदा लावलं तेव्हा लोक थबकले. एक फेटेवाला म्हातारा म्हणाला, "हे काय इंग्रजी लावलंय बे?" पण ती धडधड सुरू झाली आणि त्याच म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले! कडेवर लेकरू घेतलेल्या बाया नाचल्या. वरच्या गल्लीतली पोरं गच्चीवरून टाळ्या पिटत होती, खालच्या गल्लीतली खाली रस्त्यावर हात वर करून. भांडायला कुणाला काही सापडेचना. मग दिंद्रुडहून बोलावणं आलं, बीडहून आलं. "युरोवाल्यालाच बोलवा," म्हणायचे लोक. तो मला म्हणाला, "अक्का, लई दिसांनी झोप लागली बघा."

चांगलं काही आपल्याकडे टिकतं का? दिवाळीच्या आधी वरच्या गल्लीतल्या नेत्याचा वाढदिवस आला. पोरांनी रील केली. गाड्यांची रांग, नेता काच खाली करून हात हलवतोय, आणि मागे युरो. त्या हर्रासीवाल्या बाप्याच्या जागी नेत्याचं नाव टाकलं होतं. दोन दिवसांत घराघरांत तेच. माझ्या भाचीच्या मोबाईलवर मीच त्याला दाखवलं. तो स्टुलावर बसला आणि पाणी मागितलं.

"अक्का, आता कसं जगायचं? ह्ये बी गेलं."

तुळशीचं लग्न झालं आणि पहिली सुपारी आली ती खालच्या गल्लीची. घरातल्या मोठ्या माणसाने येऊन बजावलं, "त्यांचं युरो आमच्या परण्यात वाजलं तर टेम्पो जाळीन." संध्याकाळी वरच्या गल्लीतली पोरं आली. नेत्याचं घर चौकातच. पोरं गाडीवरून उतरलीसुद्धा नाहीत. "भाऊच्या दारात युरो वाजलं पायजे. आमचं गाणं हाय ते." त्याची बायको तेव्हा माहेरी बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. मी म्हणाले, "सुपारी परत कर आणि जा तिकडे लेकीजवळ." तर म्हणे, "परत केली तर मंग खालच्यांचा अपमान, अक्का." इकडे आड, तिकडे विहीर.

परण्याच्या दिवशी ऊन उतरताना मी दुकानाच्या दारातच उभी होते. हातात कात्री होती, ती खाली ठेवायचं सुचलं नाही. टेम्पो चौकात आला. नेत्याच्या फाटकात पोरं दाटीने उभी. टेम्पोच्या मागे खालच्या गल्लीतली पोरं, नाचायची थांबलेली. दोन्हीकडून सगळे त्याच्या हाताकडे बघत होते.

आणि त्याने सगळं बंद केलं.

भीतीने केलं हो त्याने! कुणाचंच नको, म्हणून गाणंच नको. फक्त जनरेटरची घरघर आणि घोड्याच्या टापा. पण आमच्याकडे वाजतगाजत जाणारी मिरवणूक एकाच घरासमोर गप्प होते, ज्या घरात मयत झालेली असते तिथे. आणि नेत्याची म्हातारी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. फाटकातून कुणीतरी किंचाळलं, "बंद कावून केलं बे? आमच्या घरात कोन मेलंय?"

पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांत आठवतं. दगड. काच. घोडं उधळलं, नवरदेव कुणाच्या तरी खांद्यावर. डीजेवाल्याला टेम्पोतून खाली ओढलेलं मी पाहिलं, आणि मग तो कुठून कसा निसटला देव जाणे, एकदम माझ्या दारात. एक चप्पल, फाटलेला शर्ट. मी त्याला दंडाला धरून आत ओढलं आणि बाया जिथे माप देतात त्या पडद्यामागे लोटलं.

दोघे-तिघे काठ्या घेऊन आलेच. "अक्का, आत आला का त्यो?"

जीभ कधी लटपटली नाही माझी. "इथं बाया कपडे बदलतेत. यायचं का आत? या की! उद्या तुमच्याच आया-बहिणींना सांगते, कोण कोण आलं होतं ते."

ते पायरीवरच घुटमळले आणि गेले. मी दार लोटलं. पडद्याचं कापड थरथरत होतं.

तेवढ्यात बाहेर युरो सुरू झालं. वरच्या गल्लीतली पोरं त्याच्याच टेम्पोवर चढली होती. पूर्ण आवाजात ती बाई आरोळी देत होती, पत्रा थडथडत होता, आणि त्या ठेक्यावर कुणीतरी त्याचे बॉक्स फोडत होतं. पडद्यामागून तो हळूच म्हणाला, "अक्का, पोरीचं तोंड बी धड बघितलं न्हाई वो मी अजून." मला रडू कोसळलं. मी पडद्याच्या अलीकडे बसून त्याचा हात घट्ट धरला. पोलीस येईपर्यंत तो सोडला नाही.

त्याच रात्री माझ्या भावाने त्याला सासुरवाडीला पोचवलं, शिरूर कासारच्या पुढे.

फाल्गुनात दोन्ही गल्ल्यांनी बसून मिटवलं. म्हातारीही खडखडीत बरी झाली, जिलबी खाते म्हणे! नेत्याच्या पुतण्याचं लग्न निघालं, दोन्ही गल्ल्यांना आवतण. टेम्पो नीट करून देतो, म्हणाले, पण युरोवालाच पाहिजे. निरोप मी नेला. लेकीसाठी झबलंही शिवून घेतलं.

सासू-सासरे अजून ऊसतोडीवर होते. घरात हे तिघंच. त्याने मला बघितलं, हसला, पाण्याचा तांब्या आणला. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चांगलं झालं, अक्का. मिटलं ते लई चांगलं झालं." उठून दारात गेला, बाहेर बघून आला आणि दार लोटून घेतलं. भर दुपारी.

पोरगी चटईवर होती, बापासारखीच काडी. मी झबलं अंगाला लावून बघत होते. तिच्या मुठीत लाल खुळखुळा होता आणि ती तो जीव खाऊन हलवत होती. माझ्या एकदम ध्यानात आलं, त्याचा आवाज येत नव्हता.

मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. ती खाली बघत पुटपुटली, "आणला त्याच दिवशी यांनी उघडला, अक्का. आतले खडे काढून टाकले."

पोरगी खुळखुळा हलवत होती आणि हसत होती.