पडद्यामागची लेस

“हात मागे घे तुझे. फोटोत येतायत.”

जळगावच्या प्रदर्शनात, भरल्या गिऱ्हाइकांत बाई मला म्हणाल्या. कापूस वेचून वेचून माझी बोटं फाटलेली. त्याच बोटांनी क्रोशाची लेस विणलेली. लेस चालत होती. बोटं नाही.

बाईंची संस्था. धरणगावाजवळच्या आमच्या गावात त्या सूत द्यायच्या, आम्ही बायका विणून द्यायचो. स्टॉलवर मोठा फलक, ‘ग्रामीण महिलांची कला’. आणि त्याखाली खुर्चीवर कोण? बाईंची सून. कडक इस्त्रीची साडी, हातात सुई, मांडीवर माझा अर्धवट टेबलक्लॉथ. फोटो झाल्यावर मला पडद्यामागे बसवलेलं. वर ताकीद, “तोंड उघडू नकोस. तुझी अहिराणी ऐकली की गिऱ्हाईक पळतं.”

मी बसले गुमान. त्याची लाज आजही वाटते.

एका गिऱ्हाईक बाईनं सुनेला विचारलं, “हा टाका कसा घालता? दाखवा ना.” सुनेनं चालू टाक्यातून सुईच काढून घेतली आणि धागा ओढला. क्रोशाचा टाका मोकळा सुटला की थांबत नाही. एक ओळ उसवली, दुसरी उसवली. ही आपली हसतेय.

बाईंनी पडदा सारला आणि ते सगळं माझ्या अंगावर फेकलं. “पटकन नीट कर. बाहेर येऊ नकोस.”

माझं डोकं फिरलं. मी बाहेर आले.

“करसू नीट. पन आठेच. खुर्चीवर बठीसन.” इथंच, सगळ्यांदेखत.

“खुर्चीवर? पायरी ओळखून राहा. सूत आमचं आहे.”

खरंच होतं. सूत त्यांचंच होतं. मी धाग्याचं टोक धरलं आणि ओढत सुटले. दोन महिन्यांचं काम. गिऱ्हाइकं बघत होती, मला रडू फुटत होतं, तरी ओढलं, पार पहिल्या टाक्यापर्यंत. मग तो गुंता बाईंच्या पुढ्यात टाकला.

“ल्या तुमनं सूत. ईण मनी व्हती.” सूत त्यांचं, पण वीण माझी होती.

बाईंनी गावात बजावलं, हिच्याजवळ बसेल तिला सूत मिळणार नाही. बायका घाबरल्या. दोघीच माझ्याबरोबर आल्या. आता सूत आम्ही आणतो, आणि धरणगावच्या बाजारात रस्त्याकडेला बसून विणतो, विकतो.

परवा बाईंचा माणूस आला. माफी माग म्हणे, काम परत मिळेल. मी सांगून पाठवलं, माफी बाईंनी मागायची, भर बाजारात येऊन, आम्हा तिघींसमोर उभं राहून. आणि मागितली तरी त्यांच्यासाठी एक टाका घालणार नाही.