आप्पांचं फोर-के

आमच्या घरात मोबाईलवर काहीही बघायचं तर सगळ्यात धूसर चित्रावर, असा नियमच होता. एकाच्या फोनवरचं नेट सगळ्यांनी वापरायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार? मालिकेतली सासू कोण आणि सून कोण, हे आम्ही साडीच्या रंगावरून ओळखायचो.

धाकट्या बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ मात्र फोर-केमध्ये काढलेला होता. जावयाने दहा वेळा तसं सांगून लिंक पाठवली. मी नुकताच मोठ्या स्क्रीनचा फोन घेतला होता. ठरवलं, आप्पांना लेकीचं लग्न झकास दाखवायचं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, कडोदऱ्याला एका शेठकडे सांचे चालवतात. यंत्रमागांना आमच्याकडे सांचेच म्हणतात. आयुष्यभर कापड पाहिलेला माणूस. रस्त्याने जाणाऱ्या बाईच्या पदरातली तुटलेली तारही त्यांना लांबून दिसायची आणि ते थांबून टक लावून बघायचे. "हा माणूस एक दिवस मार खाणार," असं माय नेहमी म्हणायची.

सुट्टीच्या दुपारी मी सगळ्यांचं नेट बंद करायला लावलं आणि फोन आप्पांच्या हातात दिला.

"कितलं साफ दिखस!" आप्पा खूश. "फुलन्या पाकळ्या मोजी ल्या!"

मी फुशारून गेले. मग नवरीचा हार बघायला फोन हातात घेतला, तर सवयीने चित्र धूसरवरच ठेवलेलं! नवरा, नवरी, भटजी, सगळ्यांची मिळून खिचडी झालेली. मला हसू फुटणार होतं, पण ते तिथंच थांबलं.

"आप्पा, तिच्या शालूचे काठ कुठल्या रंगाचे आहेत?"

त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू जरा चहा ठेव," म्हणाले.

माय शेजारी गेली होती. मी स्वयंपाकघरात गेले, तर आप्पा मागोमाग आले. "शेठले सांगू नको," ते हळूच म्हणाले. "माले सांचावरथीन काढी टाकी."

"मग तुम्ही काम कसं करताय इतके दिवस?"

त्यांनी माझ्या ओढणीचं टोक अंगठ्याखाली घासलं. "हातले समजस. आठे तार जायेल शे."

मी निरखून पाहिलं. तार खरंच गेली होती. मला भयंकर राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. चालत्या सांच्यात हात घालणारा माणूस, आणि त्याला समोरचं धड दिसत नाही! मी वाट्टेल ते बोलले. आप्पा चहा गाळत राहिले आणि अर्धा त्यांनी बाहेर सांडला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शेठकडे मीच गेले. त्याने आधी खूप कुरकुर केली, पण नंतर बदली माणूस लावून आप्पांचे सांचे राखून ठेवले. ऑपरेशनं झाली. काळा चष्मा लावून आप्पा घरात फिरायला लागले, तेव्हा मायने त्यांना "हिरो" म्हणून छळ छळ छळलं.

चष्मा उतरल्यावर मी तोच व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी चित्र स्वच्छ असल्याची दोनदा खात्री केली. आप्पांनी मांडवाच्या पडद्याला नावं ठेवली, जावयाच्या फेट्याचं कापड हलकं ठरवलं, मायलाही सोडलं नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, आले आमचे आप्पा परत.

मग पाठवणी आली. त्या दिवशी सगळे रडत होते आणि आप्पा एकटेच गाडीकडे बघून हसत हसत हात हलवत होते. "बापाचं काळीज बाकी दगडाचं," असं बायका कुजबुजल्या होत्या. आम्हाला वाटलं, धीराचा माणूस आहे.

आप्पांनी फोन जवळ धरला. गाडीच्या खिडकीत बहिणीचा चेहरा होता.

"ती रडी ऱ्हायनी व्हती?"

"हो, आप्पा."

"माले वाटनं, हसी ऱ्हायनी." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तिले फोन लाव."